फौजी आबांच्या ट्रंकेचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे आणि खरं सांगायचं तर तुमच्यावरही माझा विश्वास नाही. राग मानू नका. कुणी जवळ आलं की 'हा कशाला आला असेल?' हेच आधी माझ्या मनात येतं. धंदाच तसा आहे माझा.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिराने माझ्या पोटात खटका बसवला, कानस फिरवून कडी गुळगुळीत केली. मग एका तरुण शिपायाने मला विकत घेतलं आणि आपल्या लोखंडी ट्रंकेला लावलं. हेच ते फौजी आबा. बराकी, छावण्या, आगगाड्या, सगळीकडे मी त्यांच्याबरोबर फिरलो. एकदा पुराच्या पाण्यात ट्रंक वाहून निघाली, तरी माझी कडी सुटली नाही. "वा रे पठ्ठ्या!" म्हणून आबांनी मला थोपटलं होतं. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं.

निवृत्त झाल्यावर आबा घरी आले आणि ट्रंक त्यांच्या खोलीत खिडकीखाली बसली. घरातही त्यांची शिस्त फौजेचीच. चपला रांगेत हव्यात, दिवे वेळेवर बंद. कुणाचं काही हरवलं की गरजायचे, "हरवलं म्हणजे काय? वस्तूला पाय फुटतात का?" रोज सकाळी दाढी झाली की ते मला दोन हिसके देऊन पाहायचे. मी हललोसुद्धा नाही, की त्यांचा दिवस सुरू.

पुढे एक दिवस आबा किल्लीऐवजी वाकडी तार घेऊन आले. त्यांनी ती माझ्या पोटात इतकी फिरवली, की आतला खटका तुटला. तेव्हापासून मी नुसता दिसायला कुलूप. जोरात ओढलं की उघडायचो, दाबलं की बसायचो. आबा रोज सकाळी हिसका द्यायचेच, पण आता बेताने. लाज वाटायची हो! आबांच्या गळ्यातल्या दोरीला तर किल्ली लटकलेली दिसायची. मग ती मला का लावत नाहीत? मला आबांचाही संशय येऊ लागला.

पण सगळ्यांत जास्त संशय मला सूनबाईचा. ती दर आठवड्याला ट्रंक पुसायची. एकदा तिने फडकं जरा जोरात ओढलं आणि मी सटकन तिच्या हातात आलो. झालं! मी म्हटलं, आता ही आतलं सगळं उपसणार. तिने इकडेतिकडे पाहिलं, मला पुन्हा कोयंड्यात अडकवलं, दाबलं आणि निघून गेली. आज घाईत असेल, उद्या येईल, असं मी स्वतःला बजावलं. पुढची सहा वर्षं मी तिच्यावर डोळा ठेवून होतो.

गेल्या महिन्यात आबा गेले. शेवटचे आठ दिवस सूनबाईच त्यांच्या उशाशी होती. त्यानंतर सकाळी मला हिसका द्यायला कुणी येईना. मला फार एकटं वाटलं.

मग एका दुपारी आबांचा मुलगा आणि लेक ट्रंकेपाशी आले. आबांच्या गळ्यातली किल्ली मला लावून पाहिली. ती आत जाईचना.

"ही सायकलची किल्ली आहे, दादा," लेक म्हणाली. तिने दाराशी उभ्या असलेल्या सूनबाईकडे रोखून पाहिलं. "आबांच्या गळ्याला शेवटी हात कुणाचा लागला होता?"

"वन्सं, हे काय बोलताय?"

"किल्ली आपोआप बदलत नाही, वहिनी."

दादा खाली मान घालून उभा होता. त्याने बायकोची बाजू घेतली नाही. मी मनात म्हटलं, बघा, मी सांगतच होतो!

त्याने करवत आणली. पातं माझ्या कडीवर टेकलं आणि माझा जीव टांगणीला लागला.

"कापू नका," सूनबाई म्हणाली. "ते नुसतं ओढलं की उघडतं."



"म्हणजे तू आधी उघडलंयस," दादा म्हणाला.

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकदा हातात निघालं होतं. आत नाही पाहिलं मी." पण तिचं खरं कोण मानणार? मीसुद्धा मानलं नव्हतं.

लेकीने मला ओढून बाजूला ठेवलं. ट्रंकेत घडी घातलेला गणवेश होता, आजीचा चष्मा होता आणि वर एक वही. लेक मोठ्याने वाचू लागली. पानोपानी एकच ओळ होती: "ट्रंक तपासली. सगळं जागेवर." मध्येच एका पानावर ती थबकली.

"'पाणी काढताना दोरी तुटून किल्ली विहिरीत पडली. घरात सांगू नये. हसतील. तूर्त सायकलची किल्ली बांधली आहे.'"

दादाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. लेक पुढे वाचत राहिली.

"'मागच्या महिन्यात सूनबाई ट्रंक पुसत असता कुलूप निघालं. मी दाराआडून पाहत होतो. तिने झाकण उचललं नाही. महिनाभर वाट पाहिली, ती कुणाजवळ बोललीही नाही. नवं कुलूप आणायचं रद्द. आता गरज नाही.'"

लेकीने वही मिटली आणि वहिनीचे दोन्ही हात धरले. "चुकलं माझं," ती म्हणाली. दादा करवत घेऊन बाहेर गेला, तो बराच वेळ आत आला नाही.

आणि मी? मला वाटायचं, पुरात कडी सुटली नाही म्हणून आबांनी मला ठेवलं. तुटका असूनही त्यांनी मला का ठेवलं होतं, ते त्या दिवशी कळलं.

मित्रांनो, जुन्या कुलपाला अधूनमधून तेलाचे दोन थेंब द्या आणि घरातल्या माणसावर करवत काढण्याआधी त्याला एकदा नीट विचारा. मी अजून त्याच ट्रंकेवर आहे. रोज सकाळी सूनबाई येते आणि आबांसारखंच मला ओढून पाहते, अगदी हलक्या हाताने. मी उघडू नये म्हणून जिवाच्या आकांताने धरून बसतो.