खरखर

कानसेनला जाऊन महिना झाला होता आणि बाई त्याच्याशिवाय आज पहिल्यांदाच गात होत्या. तीस वर्षं त्यांची गाणी रेकॉर्ड करणाऱ्या या मित्राला हे नाव त्यांनीच दिलं होतं, कारण तसे कान दुसऱ्या कुणाला नव्हते. माणूस सोन्यासारखा, पण त्याचं ते मेलं मशीन दर गाण्यात एकदा तरी दगा द्यायचंच. "माफ करा बाई, माझ्याकडून खरखर आली, पुन्हा घेऊ," असं तो काचेपलीकडून सगळ्या वादकांदेखत म्हणायचा. बाई भडकायच्या, "कानसेना, भंगारात घाल ते डबडं!" तो मुकाट्याने कान पकडायचा, आणि पुढच्या खेपेला गाणं हमखास जमून यायचं.

आज काचेपलीकडे नवा माणूस होता. दुसऱ्या कडव्यात त्यानं हात वर केला. "बाई, वरचा सूर उतरला. पुन्हा घेऊ."

वादकांनी माना खाली घातल्या. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मशीन नवीन आणलंत का?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे हो, त्यांचंच आहे. लेकरासारखं जपलंय त्यांनी. खरखरीचं नाव नाही."

बाई काचेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान पकडले.

"माझ्याकडून खरखर आली," त्या म्हणाल्या, "पुन्हा घेऊ."