पिंगळीच्या महाराजांची आणेवारी

पिंगळी स्टेशनावर गाडी थांबली की उतरणाऱ्यांत निम्मे बाप असत आणि निम्मी पोरं. बाप पुढे, पोरगं मागे, पोराच्या हातात नारळ. सगळे स्टेशनामागच्या लिंबाखाली बसलेल्या आणेवारी महाराजांकडे जात.

सरकार पिकाची आणेवारी काढायचं, महाराज पोरांची काढायचे. मुंबईच्या व्यापार कॉलेजात पोराला जागा मिळेल का, हे ते सोळा आण्यांच्या रुपयात किती आणे अशा हिशेबानं सांगत. एका जिनिंगवाल्याचा मुलगा ते कॉलेज करून आला होता आणि तेव्हापासून टेबलाशिवाय जेवत नव्हता. एवढा फायदा बघितल्यावर अडत्यांना राहवतंय कुठलं? चारठाण्याचा एक गृहस्थ तर पोरगं पाळण्यात असतानाच विचारून गेला. सहा आणे निघाले. त्यानं पाळणा बदलला.

महाराजांच्या डोळ्यांवर कायम पट्टी असे. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर समोरच्या पोराची अक्कल जळते, असा खुलासा त्यांचा शिष्य चंद्रभान करायचा. परभणीहून गाडीत भक्तांसोबत यायचा तोच, त्यांना लिंबाखाली बसवायचा तोच. मग तो महाराजांच्या शेजारी बसून रेशमी शालीखाली त्यांचा हात धरी.

"महाराजांचा जीव मुंबईला जायलाय," तो सांगायचा. "हात सोडला तर तिकडंच ऱ्हाईल. आता कुणी तोंड उघडू नका."

आमचे आबा, म्हणजे परभणीच्या मोंढ्यातले अडते दिनकरराव, एके दिवशी मला आणि बन्सीधरला घेऊन गाडीनं तिथं गेले. बन्सीधर माझ्या आत्याचा मुलगा, लहानपणापासून आमच्याच घरी वाढलेला. त्याचं अक्षर मोत्यासारखं, भांग सरळ, आणि दूध पिताना त्याच्या ओठावर साय लागत नाही. मी त्याचा हेवा करायचो, आणि मला ते काम चांगलं जमायचं. आम्ही दोघं एकाच वर्षी मॅट्रिक झालो होतो. आता एकानं मुंबईला जायचं आणि एकानं दुकानाचा काटा धरायचा, असं आबांनी ठरवलं होतं. कोणी काय करायचं, ते महाराज सांगणार होते.

आधी बन्सीधर बसला. महाराज डोलू लागले.

"समुद्र दिसायलाय. कॉलेज दिसायलंय. दारात गोरा साहेब उभा हाय. पोराला बघून टोपी काढायलाय." जरा थांबून म्हणाले, "चौदा आणे."

मग मी बसलो.

"साहेबानं टोपी घातली," महाराज म्हणाले. "दार लावायलाय. दोन आणे."

"दोन तरी कशाचे, महाराज?" आबांनी विचारलं.

"पोरगं दाराला नाक लावून उभं हाय, त्याचे."

बन्सीधरचे उरलेले दोन आणे पांढरा बैल दान दिल्यावर भरून निघणार होते. आमच्याकडे ढवळ्या होता. पुढच्या गुरुवारी त्याला आणून बांधायचं ठरलं.

घरी आईनं, केशरबाईनं, बन्सीधरच्या भाकरीवर चौदा आण्यांचं लोणी घातलं. माझ्या भाकरीवरचं शोधावं लागलं. बन्सीधर मनानं चांगला आहे, हाच त्याचा त्रास. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "व्यंकटी, काटा मन लावून शीक. मी मुंबईहून तुला कार्ड टाकत जाईन."

अंधश्रद्धेच्या विरुद्ध मी झालो तो तिथं. विवेक नंतर आला, आधी त्या कार्डाचा राग आला.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात कापसाच्या गाडीवर तोंड पाडून बसलो होतो. खाली आबा एका खरेदीदाराशी भाव ठरवत होते. आमच्या मोंढ्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून ठरवतात. याला हत्ता म्हणतात. बोटं धरली तर तितके आणे, मनगट दाबून बोटं धरली तर रुपयाला तितके कमी, नुसतं मनगट म्हणजे पुरा रुपया.

मी उपरण्याकडे बघत राहिलो. चौदा आणे म्हणजे मनगट आणि दोन बोटं. दोन आणे म्हणजे नुसती दोन बोटं. माझ्यात आणि बन्सीधरमध्ये एका मनगटाचाच फरक होता.

गुरुवारी ढवळ्याला घेऊन आम्ही पिंगळीला पोचलो. लिंबाखाली नेहमीची गर्दी होती. बैल दिल्यावर भरलेले आणे पुन्हा बघायचे म्हणून चंद्रभाननं आम्हाला पुढे बसवलं. महाराज पट्टी बांधून डोलायला लागले, तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली आणि चंद्रभान पाथरीच्या पाहुण्यांना आणायला धावला. मी त्याच्या जागी जाऊन बसलो आणि शालीखाली हात घातला. महाराजांनी हात सवयीनं पुढे केला. मी दुसऱ्या हातानं दावं ओढून ढवळ्याला समोर उभं केलं.

आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. न बोलण्याचा नियम महाराजांचाच होता.

मी मनगट दाबलं. बोटाला हात लावला नाही.

"दिसायलंय," महाराज म्हणाले. "लय मोठं कपाळ. पोरगं गरीब सोभावाचं हाय, उलटून बोलत न्हाई." ढवळ्यानं मान हलवली, घुंगरं वाजली. "कॉलेजची घंटा व्हायलीय. साहेब सोता हार घेऊन उभा हाय. सोळा आणे, दिनकरराव. असं पोरगं म्या अजून बघितलं न्हाई."

नातवाला घेऊन आलेली धुरपताबाई मागून म्हणाली, "साहेबाला म्हणावं, हार जरा लांब धर. खाईल ते."

लिंबाखाली हसू फुटलं. महाराजांनी पट्टी वर केली. समोर ढवळ्या होता. मी शाल ओढली. माझा हात अजून त्यांच्या मनगटावरच होता.

आबा वाकून बघत राहिले. "हा तर हत्ता हाय," ते सावकाश म्हणाले. "पुरा रुपया."

गर्दीत अर्धे अडतेच होते. मळक्या उपरण्याखाली दिवसभर जे करायचे, ते रेशमी शालीखाली त्यांना ओळखू आलं नव्हतं.

पाहुण्यांना घेऊन चंद्रभान आला. आबांनी त्याला विचारलं, "बन्सीचे चौदा अन् ह्याचे दोन, हे तुला कुणी सांगितलं?"

"मालक, तुमीच की," चंद्रभान म्हणाला. "गाडीत म्या इचारलं, दोघांत चलाख कोण. तुमी म्हणलात, बन्सी चौदा आणे हाय, आमचं हे दोन आणे. म्या पदरचं काई घातलं न्हाई."

हसू थांबलं. आपण गाडीत काय बोललो होतो, ते एकेक बाप आठवू लागला. चारठाण्याचा गृहस्थ त्या दिवशी तिथं नव्हता, हे पाळण्यातल्या पोराचं दुर्दैव.

मी ज्या दाराला नाक लावून उभा होतो, ते मुंबईचं नव्हतं. आमच्याच घराचं होतं.

परत येताना आबा ढवळ्याचं दावं धरून पुढे चालत होते. मागे न बघता त्यांनी विचारलं, "गणितात किती गुण पडले रे तुला?"

"बन्सीपेक्षा जास्त."

"बन्सीचं इचारलं न्हाई. तुझे किती?"

मी सांगितले. त्यांनी हे याआधी कधीच विचारलं नव्हतं. थोडं चालून ते म्हणाले, "दोघांच्या दरख्वास्ता कॉलेजला धाडू. कॉलेज ज्याला घेईल त्यो जाईल. दोघांना घेतलं तर काटा मी धरतो."

बन्सीधरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मनानं चांगला आहेच. मी खांदा काढून घेतला नाही, पण तसा विचार केला.

आता वाचणाऱ्यांना दोन शब्द. पोराची संधी बघायची असेल तर त्याचे गुण बघा, कॉलेज किती गुणांवर घेतं ते विचारा, जागा किती आहेत ते विचारा, आणि जे कच्चं असेल ते पोराकडून पक्कं करून घ्या. त्यापुढचं कुणालाच कळत नाही, आणि कळतं म्हणणाऱ्याची शाल आधी उचलून बघा. आत तुमचंच बोलणं सापडेल. पोराबद्दल तुम्हाला जे वाटतं, ते देवाच्या तोंडून त्याला ऐकवू नका. पोरगं ते खरं धरून बसतं.

दरख्वास्ता गेल्या आहेत, उत्तर यायचं आहे. माझे आणे किती, मला माहीत नाही. बन्सीधर रोज सकाळी पोस्टात विचारायला जातो. मीही जातो, त्याच्या आधी.