सात नंबरचा पासंग

मी धुळ्यातल्या देवपूरच्या देवचंदनानांच्या किराणा दुकानातली तागडी बोलतेय. पारडी पितळेची, दांडी लोखंडी. जन्मतःच माझं उजवं पारडं जरा हलकं. नानांनी त्याच्या तळाला लाखेचा खडा चिकटवला, तेव्हा कुठे काटा मधोमध उभा राहिला. त्या खड्याला पासंग म्हणतात. त्याचं नाव काढलं की गिऱ्हाईक संशयानं बघतं. बघू दे.

डाळ-साखर सगळ्याच तागड्या तोलतात. मी मतं तोललीत.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. जळगाव आकाशवाणीवर दर रविवारी सकाळी 'तारायान' ही श्रुतिका लागायची. नऊ वर्षं झाली, यान काही घरी परतत नव्हतं. नानांच्या ट्रान्झिस्टरभोवती गल्ली जमायची. श्रुतिका संपली रे संपली की नाना सेल वाचवायला बटण बंद करायचे. त्यामुळे कलाकारांची नावं कुणी कधी ऐकलीच नाहीत.

त्या यानातला 'सात नंबर' हा यंत्रमानव सगळ्यांचा लाडका. एका रविवारी त्याचा आवाजच बदलला. भाग संपता संपता निवेदिका म्हणाली, नवा आवाज ठेवायचा की नाही ते श्रोत्यांनी पत्रानं कळवावं. नानांनी बटण फिरवलं.

"जुन्याच्या पासंगालाही पुरत नाही हा," एसटीतला कंडक्टर अभिमन म्हणाला. "बोलतो तर वाटतं, साक्रीची गाडी फलाटावर लागलीय."

शेजारी गिरधर बसला होता, बसस्थानकावर गाड्या पुकारणारा. तो हळूच म्हणाला, "म्हणजे माझ्यासारखा?"

"छे, तू बरा बोलतोस."

सगळे हसले. मी हसले नाही. सात नंबर बोलत असताना गिरधरचे ओठ हलत होते, ते मी टांगल्या जागेवरून बघितलं होतं. दर पंधरवड्याला तो जळगावला आजारी मामांना भेटायला जायचा. ते मामा बरेही होत नव्हते आणि जातही नव्हते.

नाना व्यवहारी माणूस. म्हणाले, "भांडता कशाला? तोलू या. जुना आवाज डावीकडे, नवा उजवीकडे. एका माणसाची एक शेंग."

भुईमुगाच्या शेंगा पडू लागल्या. डावं पारडं खाली गेलं. उजवीकडे एकच शेंग, भाजीवाल्या झुंबरबाईची.

"माले हाऊ नवाच बरा लागस," ती म्हणाली. "जुना कसालेच भ्याये नही. हाऊ भ्यास. इतला दूर चांदनीसमा कोन नही भ्याई?"

"अक्का, यंत्र कुठे भितं का?"

"तू गप रे. तुले तिकीट फाडता येस, तितलंच कर."

शेवटी गिरधर उठला. हातातली शेंग घामानं ओली झाली होती. त्यानं ती डावीकडे टाकली. स्वतःच्या विरुद्ध. आयुष्यात मी एवढं जड काही तोललं नाही.

नाना त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग मतदान सोलून खात त्यांनी कार्ड लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'अकरा शेंगा जुन्याला, एक नव्याला. पण माझी तागडीही नवी होती तेव्हा झुकतच होती. पासंग लागायला वेळ द्यावा. सहा महिने ठेवून बघा.'

"हे काय नाना, आम्ही अकरा जण मूर्ख?"

"शेंगा तुमच्या, कार्ड माझं."

सहा महिन्यांनी सात नंबर यानात एकटाच उरला आणि काळोखाशी बोलला. झुंबरबाईनं पदर डोळ्यांना लावला. अभिमन आपली टोपी न्याहाळत बसला. त्या दिवशी नानांनी बटण बंद केलं नाही.

"सेल जातील, नाना," गिरधर घाईनं म्हणाला.

"जाऊ देत."

नावं आली. 'सात नंबर: गिरधर पाटील, धुळे.'

सगळ्यांच्या माना गिरधरकडे वळल्या. मग अभिमन म्हणाला, "तरीच म्हटलं, साक्रीची गाडी." आणि त्यानं गिरधरपुढे मूठभर शेंगा ठेवल्या.

आता गल्ल्याशेजारी लाल आकड्यांचा विजेचा काटा बसलाय. मी खिळ्याला टांगलेय, पारड्यांत कोळी राहतो. मोडीत घालायचं तर घाला. फक्त तो लाखेचा खडा आधी खरवडून काढा आणि गिरधरला नेऊन द्या. तोही पासंगानंच तोलात आलेला माणूस आहे, त्याला कळेल.