परीक्षक आले आणि बाजार बंद

भाजीबाजाराच्या मागच्या अंगणात गॅसची टाकी बांधायची, हे सुनेच्या डोक्यातून निघालं आणि सासऱ्यांच्या हातून पार पडलं. सासऱ्यांचं पत्र्याच्या कामाचं वर्कशॉप होतं. सून लग्नाआधी सांडपाण्याच्या प्रकल्पावर नोकरीला होती, त्यामुळे कुजणाऱ्या गोष्टींना ती नाक मुरडत नसे. बाजारात रोज उरणारा पाला आणि नासके टोमॅटो पूर्वी नाल्यात जायचे. आता ते टाकीत पडत आणि त्यांचा गॅस नळीतून परिचारिकांच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणि समोरच्या खाणावळींत, चहाच्या टपरीवर जाई. टाकीवर एक भलीमोठी लोखंडी टोपी तरंगत असे. गॅस भरला की ती वर यायची, संपला की खाली बसायची. बाजारात सगळे सुनेला गॅसवहिनी म्हणत. सुरुवातीला ते चेष्टेनं होतं, पण आता तिला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली तर तीच मागे वळून बघत नसे.

लहान लहान ऊर्जा प्रकल्पांना बक्षीस देणाऱ्या एका संस्थेकडे वहिनीनं अर्ज केला होता. अनेक देशांतून आलेल्या अर्जांमधून मोजकेच निवडले गेले आणि त्यांत हिचाही होता. परीक्षक स्वतः बघायला येणार, असा निरोप आला. मामंजींनी त्याच दिवशी टोपीला नवा रंग दिला.

आणि नेमका हमालांचा संप झाला. बाजाराला कुलूप लागलं. भाजी नाही तर पाला नाही, पाला नाही तर गॅस नाही. टोपी हळूहळू खाली बसायला लागली.

"सूनबाई, फोन कर त्यांना," मामंजी म्हणाले. "म्हणावं, पुढच्या आठवड्यात या."

"कशाला? येऊ देत की ठरल्याप्रमाणे."

"अगं, काय दाखवणार आहेस? काकडीच्या सालीएवढी ज्योत?"

"जेवढी असेल तेवढी. संप काय फक्त आपल्याच बाजारात होतात?"

मामंजी पुटपुटत निघून गेले. सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "ते निघून गेले म्हणजे पटलं असं समजू नकोस हो. संसार केलाय मी त्यांच्याबरोबर."

परीक्षक दोघं होते. आखूड केसांची एक इंजिनियर बाई आणि तिच्याबरोबर एक वयस्कर गृहस्थ. वहिनीनं त्यांना आधी अंगणात नेलं. टोपी पार खाली बसलेली होती. "बाजार बंद आहे, त्यामुळे आज गॅस कमी आहे," तिनं सांगून टाकलं. इंजिनियर बाईनं वाकून नळीचा जोड पाहिला, टाकीत किती पाला पडतो ते विचारलं, थंडीत काय करता तेही विचारलं. प्रश्न नेमके होते. वहिनीला बरं वाटलं. काम कळणाऱ्या माणसाशी बोलायला मिळालं की ती खुलायची.

मग सगळे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेले. मामंजी आधीच तिथे हजर होते, इस्त्रीचा सदरा घालून. भाताच्या पातेल्याखाली ज्योत कशी फणफणत होती!

वहिनी दारातच थबकली. आपल्या शेगडीचा आवाज तिच्या ओळखीचा होता, आणि हा आवाज तो नव्हता. स्वयंपाकीणबाई भलतीकडेच बघत होती. वहिनीची नजर शेगडीच्या नळीवरून सरकत पिठाच्या पोत्यांमागे गेली. तिथे घरचा सिलिंडर उभा होता. शेजारी तिची रोजची शेगडी काढून ठेवलेली होती.

इंजिनियर बाईनं एकदा ज्योतीकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे.

वहिनीच्या कानशिलांत धग उठली. गप्प बसलं असतं तर निभावूनही गेलं असतं. पण पोती बाजूला सारून तिनं सिलिंडरचा कान पिळला. ज्योत फुस्स करून विझली.

"ही आमची नव्हती," ती म्हणाली. "आमची बघा."

तिनं स्वतःची शेगडी जागेवर बसवली, नळी जोडली आणि काडी ओढली. निळी, बारीक ज्योत उठली. मामंजी कुणाकडेही न बघता बाहेर निघून गेले.

"एवढ्यावर इतक्या जणींचा स्वयंपाक होईल?" वयस्कर गृहस्थांनी विचारलं.

"उशिरा होईल, पण होईल. टोपी खाली बसली की खाणावळवाले आपापली तोटी बंद करतात. उरलेला गॅस आधी वसतिगृहाला. मुली ड्यूटीवरून दमून येतात, त्यांना गरम जेवण हवं. हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

"आणि कुणी तोटी बंद केलीच नाही तर?"

वहिनी उत्तर देणार तेवढ्यात समोरचा चहावाला खिडकीशी आला. आत कोण पाहुणे आहेत याची त्याला काही कल्पना नव्हती. "वहिनी, केली हो माझी बंद! सकाळपासून कोळशावर फुंकून फुंकून डोळ्यांचं पाणी खळत नाही. तो संप मिटला की मला आधी सांगा!"

वयस्कर गृहस्थ मोठ्यानं हसले. "मिळालं उत्तर," म्हणाले.

भात उशिरा झाला. ड्यूटीवरून आलेल्या मुलींनी ताटं वाजवून वाजवून स्वयंपाकीणबाईचा जीव खाल्ला. परीक्षक त्यांच्याच रांगेत ताट घेऊन उभे राहिले आणि जेवूनच गेले.

मामंजी वर्कशॉपमध्ये होते. एक पत्रा उगीचच ठोकत बसले होते.

"चार लोकांत नाक कापलंस माझं," ते वर न बघता म्हणाले.

"मी तुमचं नाव घेतलं नाही, मामंजी."

"घ्यायला कशाला हवं? त्या बाईला काय कळलं नसेल?"

"कळलं असेल. म्हणून तर सिलिंडर बंद करावा लागला." ती स्टूल ओढून समोर बसली. "मला राग आलाय, ते लपवत नाही. टाकी बसवल्यापासून टोपीचा एक सांधा कधी गळला नाही. इतकं पक्कं वेल्डिंग तुमचं. त्याला विकतच्या गॅसचा टेकू कशाला?"

हातोडा थांबला.

"तुझी फजिती होईल असं वाटलं," मामंजी म्हणाले. "परक्या माणसांसमोर. ते मला बघवलं नसतं."

वहिनीचा राग निम्मा तिथेच उतरला.

"तो पान्हा दे इकडे," मामंजी म्हणाले. "आणि सिलिंडर आधी घरी ने. तुझी सासू चहासाठी खोळंबलीय, सकाळपासून माझा उद्धार चाललाय."

बक्षीस मिळालं. निकालात लिहिलं होतं की गॅस कमी पडला तर तो आधी कुणाला द्यायचा, हे वापरणाऱ्यांनीच ठरवलंय आणि ते पाळलंही जातं, हे परीक्षकांनी डोळ्यांनी पाहिलं. समारंभाला वहिनी मामंजींना घेऊनच गेली. मोठं सभागृह, थंडगार हवा, मऊ खुर्च्या. नाव पुकारल्यावर ती ताठ मानेनं मंचावर गेली. माझं काय एवढं, हे सगळं तुमच्यामुळे, असलं काही ती बोलली नाही. "ही टाकी मी आखली," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यांनी ती बांधली. बाजार ती चालवतो. तुमच्या गावात हवी असेल तर आम्ही येऊ." बोलणं संपलं. टाळ्या वाजतच राहिल्या, आणि पहिल्या रांगेत मामंजी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून सांगत होते, "सून माझी."

बोलावणं आलंच. दुसऱ्या गावच्या मासळीबाजाराचे लोक येऊन दोघांना घेऊन गेले. जागा निसरडी होती, वास तर विचारूच नका. मामंजींनी खिशातून खडू काढून जमिनीवर मोठं वर्तुळ काढलं.

"लहान पडेल," वहिनी म्हणाली.

"कुठे लहान? डोळे आहेत की बटणं?"

"मासळीचा गॅस जास्त सुटतो, मामंजी. टोपी मोठीच लागणार."

मामंजींनी पायानं रेघ पुसली आणि खडू तिच्या हातात दिला. "मग तूच काढ. पण वेल्डिंगमध्ये नाक खुपसायचं नाही."

"नाही खुपसत," वहिनी म्हणाली, आणि पदर खोचून खाली वाकली.