दुसऱ्या नंबरचा पवळ्या

मित्रांनो, मी एक जुना पटाचा बैल आहे. माझे नाव पवळ्या. गोंडपिपरीकडच्या एका खेड्यात, मुखरूभाऊच्या गोठ्यात माझा जन्म झाला. धान घरात आले की आमच्याकडे शंकरपट भरतात. हलक्या छकड्याला जोडी जुंपतात आणि बैल जीव खाऊन धावतात.

गावोगावच्या लहान पटांत मी नाव काढले. पोरे मला गूळ चारायची. मोठ्या पटात मात्र माझी डाळ कधी शिजली नाही. दरवर्षी कोणीतरी शिंगभर पुढे असायचाच! तरी भाऊ माझ्या पाठीवरून हात फिरवायचा.

पंचावन्न साली माझा पुढचा गुडघा धरला.

"पाय गेले याचे. बाजारात नेतो याले," भाऊ म्हणाला.

लंगडा बैल तिथे कसाईच घेतो, हे का मला ठाऊक नव्हते?

"पाय गेले, अक्कल त नाई गेली ना जी!" त्याची बायको धुरपताबाई कडाडली. "तुमचा राजा गोऱ्हा ढोल वाजला का वावरात पळते. याच्यासंगं जुंपून त पाहा त्याले!"

"बरं. पन राजा यंदा पटात नाई धावला, त पवळ्या बाजारात."

झालो मी गुरुजी! राजाच्या अंगात रग, डोक्यात भुसा. तो बुजला की मी खांद्याने रेटून त्याला वाटेवर आणी. हळूहळू तो ढोलाला सरावला. मलाही गुरुपणाची ऐट चढली.

एक चूक मात्र कोणाच्याच ध्यानात आली नाही. तो फक्त माझ्याच शेजारी धावायला शिकला होता. पटाच्या दिवशी त्याच्याजवळ दुसरा बैल जुंपला, तर राजा जागचा हलेना. लोक हसू लागले. मला बाजाराचा रस्ता दिसू लागला.

मला पटाच्या कडेलाच बांधले होते. तेवढ्यात धुरपताबाईने माझा कासरा धरला आणि मला पटाच्या पार शेवटच्या टोकाला नेऊन उभे केले. मी जिवाच्या आकांताने हंबरलो. राजाने कान टवकारले आणि तो जो सुटला, तो थेट माझ्यापाशी येऊन थांबला. धापा टाकत माझी मान चाटू लागला.

नंबर दुसराच आला.

"पवळ्या कुठीच जात नाई आता," भाऊ डोळे पुसत म्हणाला. "पुढच्या गोऱ्ह्याले कोन शिकवन?"

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी धावून थकले असेल, तर त्याला कोपऱ्यात बांधून ठेवू नका. नवख्याच्या शेजारी त्याला जागा द्या. आणि येताजाता मानेवरून हात फिरवा, आम्हाला तेवढे पुरते.