एका पाकिटावर एकच

मशीन टँ करून ओरडलं, पण दुकानाच्या काउंटरमागच्या जोलीनने मान वरसुद्धा केली नाही.

"थांब गं," काउंटरच्या अलीकडून व्हर्ना म्हणाली. "काहीतरी चुकलंय. दाखव बघू ते कूपन मला."

"तुझं कूपन आणि चुकलेलं? मग उद्या सूर्य पश्चिमेला उगवायचा, बाई!" जोलीनने बटण दाबून ते कूपन गल्ल्यात सरकवलं. मशीन पुन्हा ओरडलं, तिने पुन्हा दाबलं. "रांग बघ मागे केवढी लागलीय. ते सोड, पणती आता बसायला लागली का, ते सांग."

पणतीचं नाव निघालं आणि व्हर्ना विरघळली. बाळाच्या लंगोटांची पाकिटं तिच्यासाठीच तर होती! कूपनं घालून लिफाफा नातीने, टेसाने, हातात दिला होता. व्हर्नाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, चष्मा पर्सच्या तळाशी. तिने पाकिटं उचलली, पणतीच्या दोन दातांचं कौतुक सांगितलं आणि घरी गेली.

एरवी तिने ते कूपन वाचल्याशिवाय पाऊल उचललं नसतं. ओहायोतल्या त्या नदीकाठच्या गावातला पोलादाचा कारखाना बंद पडला, नवरा नॉर्बर्ट घरी बसला, तेव्हा रविवारच्या पेपरातली सवलतीची कूपनं कापून तिने चार तोंडं जगवली होती. नॉर्बर्ट गेला, मुलं पांगली, पण कात्री काही सुटली नाही. चर्चच्या तळघरात दर महिन्याला ती नव्या सुनांना हेच शिकवायची. एका वस्तूवर कंपनीचं एक कूपन. जोडीला दुकानाचं असेल तर तेही लावा, खुशाल लावा, कारण ते दोन वेगळे खिसे. पण एकाच खिशात दोनदा हात घालायचा नाही. स्वस्त मिळतंय म्हणून फळी रिकामी करायची नाही, मागून येणारीलाही लेकरं असतात. आणि आपल्याला नको असलेलं कूपन फेकायचं नाही, त्या त्या वस्तूसमोर फळीवर ठेवून यायचं. बायका हसायच्या, "झालं व्हर्नाचं प्रवचन सुरू!" म्हणायच्या, पण ऐकायच्या.

म्हणून पुढच्या महिन्यात दुकानाचे मॅनेजर हॅस्केल यांनी आत बोलावलं, तेव्हा तिला वाटलं, चर्चच्या धान्यपेटीचं काहीतरी असेल. आत दाराशी जोलीन उभी होती. एप्रनची गाठ सोडत होती, पुन्हा बांधत होती.

"व्हर्नाबाई, बसा." हॅस्केल यांनी टेबलावर कूपनं मांडली. "चार पाकिटं, आणि त्यावर कंपनीची आठ कूपनं. मशीनने अडवलं, जोलीनने हाताने रेटलं. वरच्या ऑफिसचं म्हणणं, ही ओळखीपाळखीच्यांना सूट वाटते. मला तिला काढावं लागणार."

"साहेब, व्हर्नाची कूपनं मी कधी वाचतच नाही," जोलीन म्हणाली. "वाचायची कधी गरजच पडली नाही हो."

व्हर्नाने पर्समधून चष्मा काढला. चार कूपनं पेपरातली होती, तिच्याच कात्रीने सरळ कापलेली. उरलेली चार त्याच कंपनीची, पण पांढऱ्या कागदावर छापलेली, कडा हाताने फाडलेल्या. घरात प्रिंटर एकच होता, टेसाच्या खोलीत.

नातीचं नाव सांगणं सोपं होतं. पण त्याने जोलीन सुटत नव्हती. न वाचता बटण दाबलं, ते दाबलंच. आणि जोलीनची नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हता, तिच्या नवऱ्याचं डायलिसिस त्या नोकरीच्या विम्यावर चाललं होतं. तो विमा गेला की माणूस गेला, हे गावात कुणालाही सांगायची गरज नव्हती.

"तिने वाचायला घेतलं होतं," व्हर्ना म्हणाली. "मीच म्हटलं, हे दुसरं दुकानाचं आहे, चालतं. घाई केली. मला माहीत होतं, ती माझ्यावर विश्वास ठेवील."

"व्हर्ना! अगं, काय बोलतेस..."

"तू गप्प बस गं. मी फसवलं तुला, त्यात तू काय सांगणार?"

हॅस्केल यांनी हातातलं कूपन खाली ठेवलं. लहानपणी तेही आईबरोबर चर्चच्या त्याच तळघरात तिचं ऐकायला येऊन बसलेले.

"तुम्ही?" ते म्हणाले. "तुम्ही असं करावं?"

"केलं खरं."

"मग जोलीनला मी ताकीद देऊन सोडतो. पण व्हर्नाबाई, ह्यापुढे ह्या दुकानात तुमचं कूपन घेता येणार नाही. एकही नाही."

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि त्या चार कूपनांचे पैसे टेबलावर ठेवून उठली. जन्मात पहिल्यांदाच ती ह्या बाबतीत खोटं बोलली होती, आणि हॅस्केल यांना शंकासुद्धा आली नाही, ह्याचंच तिला जास्त लागलं.

घरी टेसा आधी भांडली. "आजी, मशीन घेतंय तर घ्यावं! कंपनीकडे पोत्याने पैसा आहे, त्यांचं काय जातंय?"

"कंपनीचं नाही गेलं बाळा. जोलीनचं जात होतं."

सगळं ऐकल्यावर टेसा रडायला लागली. "मी जाते. आत्ता जाऊन सांगते, मी केलं म्हणून."

"आणि जोलीनला पुन्हा गोत्यात घाल. एवढी मोठी झालीस, कळत नाही? सांगायचं नाही, कधीच नाही. घे, मुलीला घे, भूक लागलीय तिला."

गाव लहान, बातमी लगेच पसरली. पुढच्या महिन्यात तळघरात व्हर्नाने नेहमीसारख्या खुर्च्या मांडल्या. दोघीच आल्या, कॉफी प्यायल्या, घरी काम आहे म्हणून गेल्या. तिने खुर्च्या आवरल्या आणि दिवा मालवला. तिला फार एकटं वाटलं.

रविवारी मात्र तिने पेपर उघडला, चष्मा लावला आणि कूपनं कापली. सोमवारी दुकानात जाऊन एकेक फळीपुढे थांबली. साबणाचं साबणापाशी, कॉफीचं कॉफीपाशी. लंगोटांचं कूपन पाकिटांसमोर नीट उभं केलं, तिथून पणतीसाठी एक पाकीट उचललं आणि जोलीनच्या रांगेत उभी राहिली.

जोलीनने पाकीट मशीनवरून फिरवलं आणि सवयीने हात पुढे केला, कूपनासाठी. मग तिच्या लक्षात आलं. पण हात मागे घेववेना. डोळे भरून आलेले, हात तसाच उघडा.

व्हर्नाने त्या हातावर वीस डॉलरची नोट ठेवली.

"पूर्ण किंमत लाव गं," ती म्हणाली. "आणि मागची रांग बघ, केवढी लागलीय."