कोंडीत उतरलेली पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. कपड्यांची नव्हे आणि दागिन्यांचीही नव्हे. पाण्याखाली फोटो काढताना कॅमेरा ज्या मजबूत पेटीत बंद करून नेतात, ती मी. डाइव्हिंग करणारे मला हाउसिंग म्हणतात. माझ्या पाठीला काचेची खिडकी आहे, दोन्ही बाजूंना मुठी आहेत आणि झाकणाच्या कडेला रबराची एक बारीक कडी बसवलेली आहे. तिला ओ-रिंग म्हणतात. समुद्र कितीही दाबू लागला तरी ती कडी त्याला आत येऊ देत नाही. माझा सगळा जीव त्या कडीत आहे.

सध्या माझा मुक्काम पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत आहे. समुद्रातली वस्तू डोंगरात कशी आली, असे तुम्हाला वाटेल. ती सगळी हकिकत मी सांगते.

प्रवीण हा या वाडीतला मुलगा. मुंबईला एका हॉटेलात नोकरी करता करता तो एकदा मालवणला गेला आणि तिथल्या समुद्राने त्याला ठेवूनच घेतले. तो डाइव्हिंग शिकला आणि पर्यटकांना पाण्याखाली नेऊन त्यांचे फोटो काढू लागला. एका परतणाऱ्या पाहुण्याकडून त्याने मला जुनी म्हणून विकत घेतले, पण वागवले मात्र नवीसारखे. दर वेळी पाण्यातून वर आलो की तो मला गोड्या पाण्याच्या टबात बुडवून ठेवी. कडी हळूच काढून, पुसून, तिला ग्रीसचे बोट लावी. एखादा केस किंवा वाळूचा कण चिकटलेला दिसला तर सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करी.

प्रवासात मी कधी टपावर गेले नाही. एसटीत मी त्याच्या मांडीवर असे, दोन टॉवेलांत गुंडाळलेली. अंदमानला विमानाने जाताना त्याने माझी कडी काढून वेगळ्या डबीत ठेवली होती, कारण उंचावर आतली हवा विरळ झाली की खाली उतरल्यावर झाकण उघडेनासे होते. शेजारचा माणूस म्हणाला, "बाळ असल्यासारखं धरलंय." प्रवीण नुसता हसला. तिथे आम्ही कासवे पाहिली, झुलणारी पोवळी पाहिली आणि पिवळ्या माशांची शाळा सुटावी तशी झुंड पाहिली. प्रवीण मालवणला ज्या डाइव्हिंगच्या दुकानात काम करी, तिथे आमचा एक फोटो भिंतीवर लागला. येणारा जाणारा त्याच्यापुढे थांबत असे.

मग त्या वर्षीचा भाद्रपद आला.

प्रवीणचा धाकटा भाऊ रितेश पिकअप चालवत असे. महाबळेश्वरच्या बाजूचा घेवडा भरून तो महाडच्या बाजारात आणी. त्या दिवशी डोंगरात पाऊस कोसळत होता. वाडीच्या खाली नदीवर असलेल्या फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, गाडी जात असताना वरून लोंढा आला आणि गाडी उलटी होऊन वाहून गेली. पुढच्या वळणावर ती दगडांना अडकलेली सापडली. तिचे दार उघडे होते. आत रितेश नव्हता.

प्रवीण मालवणहून जीप घेऊन आला. जीपमध्ये हवेच्या टाक्या होत्या, दोर होते आणि मी होते. शोधपथकाची माणसे बोटी घेऊन आधीच आली होती. त्यांनी नदीचे दोन्ही काठ पिंजून काढले, गळ टाकले, आपला जीवही धोक्यात घातला. पण पाणी फार होते. शेवटी त्यांनी हात जोडले.

रितेशची बायको पूजा काठावर दगडावर बसून होती. बायका तिच्याजवळ जाऊन हळूच काही सांगत होत्या. ती एकच वाक्य बोलली.

"बघितल्याबिगर मी मंगळसूत्र काढनार नाय."

आणि आई, प्रयागबाई, प्रवीणपुढे येऊन उभी राहिली. रडून तिचा आवाज गेला होता.

"तू पान्यातला मानूस हायस ना रे? मग आन त्याला."

"आई, तो समुद्र येगळा. इथं हाताला हात दिसत नाय."

"आन त्याला," ती पुन्हा म्हणाली.

मित्रांनो, मी निळे पाणी पाहिलेली पेटी. नदीचे ते पाणी पाहून माझा धीर सुटला. फरशीच्या खाली एक खोल कोंड आहे. नदी तिथे खडकात शिरून गोल फिरते, आणि वाहून आलेले सगळे त्या खडकाच्या पोटात जाऊन अडकते. प्रवीण त्या कोंडीत उतरला. शेजारच्या चंदूने आणि वाडीतल्या गड्यांनी त्याच्या कमरेचा दोर धरला होता. खाली नुसती लाल माती होती. दिवा लावला की तीच माती डोळ्यांपुढे पेटल्यासारखी दिसे. खडकात आडव्या भेगा होत्या. माणसाचे डोके आत जाणार नाही इतक्या त्या अरुंद होत्या. प्रवीण मला हात लांब करून भेगेत सरकवी, अंदाजाने बटण दाबी, फ्लॅश उडे, की पुढची भेग. मग वर येऊन काठावर माझ्या खिडकीतून एकेक फोटो पाहायचा.

प्रयागबाई मांडी घालून माझ्यासमोर बसे.

"ह्ये काय हाय?"

"माती गो."

"आनी ह्ये?"

"पाला हाय. बांबूचा."

तिने एकही फोटो सोडला नाही. पडद्यावर बोट ठेवून ती प्रत्येक ठिपक्याला विचारत होती. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. प्रवीणचे ओठ काळे पडले होते, हाताची कातडी सोलली होती. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की मी काही दाखवू शकत नाही, मला कासवेच दाखवता येतात. पण आम्हा वस्तूंना आवाज नसतो.

पुढे कॅमेऱ्याची बॅटरी संपली. काठावर मला उघडणे धोक्याचे होते. भुरभुर पाऊस होता, वारा होता, सगळीकडे रेती होती. चंदूने छत्री धरली. प्रवीणने हात पुसून घेतले, पण त्याची बोटे गारठून इतकी बधिरली होती की कडी नीट चाचपता आली नाही. झाकण बंद झाले तेव्हा एक कण आत राहिला होता. तो मला कळला, त्याला कळला नाही.

आम्ही पुन्हा खाली गेलो. सर्वांत खालच्या भेगेत त्याने मला खांद्यापर्यंत हात घालून ढकलले. माझे नाक कशाला तरी मऊशा वस्तूला टेकले. फ्लॅश उडाला. त्याच क्षणी कडीपाशी गार धार आत शिरली.

वर आल्यावर खिडकीच्या आत पाणी डुचमळत होते. पडदा लुकलुकत होता. प्रवीणने घाईघाईने शेवटचा फोटो लावला. मातीतून चौकड्यांचे कापड दिसत होते आणि त्यावर एक निळे बटण.

प्रयागबाई खाली वाकली. "बटनाला लाल दोरा हाय," ती म्हणाली. "निळा नव्हता घरात. मीच लावलं."

पडदा विझला. कॅमेरा मेला.

प्रवीण मला दगडावर ठेवून कोंडीत शिरला. या वेळी त्याच्याकडे नुसते हात आणि दोर होता. बऱ्याच वेळाने दोराला हिसका बसला आणि गडी ओढू लागले. रितेश घरी आला. पूजाने त्याचा चेहरा पदराने पुसला, आणि मग स्वतःच्या हाताने मंगळसूत्र काढले.

त्यानंतर मला कुणी धुतले नाही. मेलेला कॅमेरा पोटात तसाच ठेवून प्रवीणने मला माळ्यावर टाकले. तो मालवणला परत गेला नाही. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात कामाला लागला. आंघोळीलासुद्धा तो नदीवर जात नसे. नदीचा गाळ माझ्या झाकणाच्या खटक्यांत वाळून दगड झाला. कडी कडक होऊन चिरली. माझा त्याच्यावर राग नव्हता. त्याला मी दिसले की काय दिसत असेल, ते मला ठाऊक होते.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी खालच्या गावचे गोमाजी दारात आले. वयस्कर माणूस, खांद्यावर टॉवेल. ते ओट्यावर बसले नाहीत.

"माजी घरवाली, आवडी, धुनं धुवायला गेली व्हती," ते म्हणाले. "वरनं लोंढा आला. तुमच्याकडं पान्यात बघायची पेटी हाय म्हनतात."

 प्रवीण माळ्यावर चढला आणि मला खाली घेऊन आला. त्याने खटका दाबला. हलला नाही. पक्कड लावली तसा खटका तुटला. आतून कुजलेल्या बॅटरीचा वास आला. कॅमेऱ्यावर पांढरी बुरशी होती. गोमाजी वाकून बघत होते. त्यांना त्यातले काही समजत नव्हते, पण प्रवीणचे तोंड पाहून समजले.

"नाय चालत?"

"नाय चालत, काका."

तो तसाच हातात दोर घेऊन त्यांच्याबरोबर गेला. मी ओट्यावर उघडी पडून राहिले. संध्याकाळी तो आला, पहाटे पुन्हा गेला. तिथेही खडकाच्या भेगा होत्या, हात न पोचणाऱ्या. तिथे मी पोचले असते. आवडीबाई सापडल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी गोमाजी त्याला वाडीपर्यंत सोडायला आले. "तुमी आलात," ते म्हणाले, "कोन येतंय?" त्यांनी त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. ते वळून उतार उतरू लागले तेव्हा प्रवीण ओट्यावर माझ्याशेजारी बसला आणि ढसाढसा रडला. भाऊ गेला तेव्हाही मी त्याला असे रडताना पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने खराट्याची काडी घेतली आणि माझ्या फटींतला गाळ कोरायला बसला. प्रयागबाई तांब्या घेऊन आली.

"आता कशाला रे?"

"परत कोन आलं तर, गो."

 तिने माझ्यावर पाण्याची धार धरली. माझ्यातून लाल पाणी निघाले. बराच वेळ ते लालच निघत होते.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी वस्तू असेल, जिच्याकडे बघवत नाही म्हणून तुम्ही ती दृष्टीआड केली असेल. तुमचे दुःख खरे आहे. पण त्या वस्तूला गंजू देऊ नका. तिला धुवा, पुसा, चालती ठेवा. तिची गरज घेऊन दारात येणारा माणूस आधी सांगून येत नाही, आणि तो आला की त्याच्यापाशी वेळ नसतो.

मला आता नवी कडी बसली आहे. मालवणच्या दुकानाने एक जुना कॅमेराही दिला आहे. गोमाजी मात्र रोज सकाळी नदीच्या काठाने चालत जातात. पाणी आता नितळले आहे, तळाचे गोटे दिसतात. ते प्रत्येक कोंडीपाशी थांबून वाकून बघतात.